बाहेर पडावं की घरी बसावं? हवा पाहून बेत ठरवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला पहिल्या सरीबरोबर घाटात धाव घ्यावीशी वाटते, तर कुणाला नुसतं मळभ दाटलं तरी अंथरूण सोडवत नाही. दोन्ही स्वभावांना आमची हरकत नाही. घोळ होतो तो आवड आणि धोका यांची गल्लत झाली की. कुठे जायचं, किती वाजता जायचं हे आवडीनं ठरवा. जायचं की नाही, हे मात्र इशाऱ्यावर सोडा. खालची उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्याची हवा धरून दिली आहेत. परदेशातल्या मराठी घरांतून नेहमी येणारा एक प्रश्न शेवटी घेतला आहे.

पाऊस मला मनापासून आवडतो. पिवळा इशारा असताना बाहेर पडलं तर चालेल का?

शहरात बहुतेक वेळा चालतं. घाटात जायचं असेल तर आधी इशाऱ्याचा मजकूर वाचा.

हवामान खात्याचे रंग चार. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा. रंग पावसाच्या आकड्याइतकाच त्याच्या परिणामाचाही विचार करून दिला जातो. त्यामुळे नुसता रंग बघून थांबू नका, खाली लिहिलेले शब्द बघा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणून रविवारी सकाळी जाहीर झालेला आकडा प्रत्यक्षात शनिवारच्या पावसाचा असतो.

‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांनीही फसायला होतं. त्याचा अर्थ पाऊस थोडा पडेल असा नाही. जिल्ह्यातल्या थोड्याच ठिकाणी पडेल, पण जिथे पडेल तिथे झोडपूनही काढू शकेल. ‘तुरळक ठिकाणी अति जोरदार’ असं वाचून निर्धास्त होणारे पुष्कळ भेटतात.

पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांत घाट परिसराचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. शहराला हिरवा आणि घाटाला केशरी, असं एकाच दिवशी होतं. तुम्ही राहता तिथला इशारा नव्हे, जाणार आहात तिथला बघा.

फोनवर ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ दिसते. म्हणजे नेमकं काय?

त्या जागी, त्या ठरावीक वेळेत पाऊस पडण्याची शक्यता दहात चार. दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस, किंवा शहराच्या ४० टक्के भागात पाऊस, असा अर्थ नाही. पाऊस किती पडेल हेही त्यातून कळत नाही. जुलैत ९० टक्के म्हणजे कदाचित दिवसभराची नुसती रिपरिप. मे महिन्यात ३० टक्के म्हणजे अर्ध्या तासाचा वळीव, सोबत झाडं पाडणारा वारा.

फोनमधली ॲपं काही किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज तुमच्या गल्लीचा म्हणून दाखवतात. सह्याद्रीत तेवढ्या अंतरात हवा पार बदलते. मुंबईसारख्या सपाट शहरातही बदलते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच दिवशी कुलाब्याला साधारण ७४.

मग निघण्यापूर्वी बघायचं तरी काय?

तीन गोष्टी, आणि त्याच क्रमानं.

आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्हावार इशारा. सकाळी उपग्रहाचं चित्र आणि रडार. दारातून पाऊल टाकण्यापूर्वी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज, ज्याला ‘नाऊकास्ट’ म्हणतात. हे सगळं खात्याच्या संकेतस्थळावर आणि ‘मौसम’ ॲपवर फुकट मिळतं.

रडारचं एकच चित्र बघून काही कळत नाही. लागोपाठची चार-पाच चित्रं बघा आणि ढगांचे पट्टे कोणत्या दिशेला, किती वेगानं सरकताहेत ते ताडा. निळा-हिरवा रंग म्हणजे हलका पाऊस, पिवळा-नारिंगी म्हणजे जोर, आणि लालच्या पुढे गेला तर गडगडाट, कधी गारा. पट्टा अर्ध्या तासात २० किलोमीटर सरकला आणि तुमच्यापासून ४० किलोमीटरवर असला, तर हाताशी तासभर आहे. दुकानात जाऊन यायला तेवढा पुरतो.

यात एक पाचर आहे. रडारचा झोत सरळ जातो. मध्ये डोंगर आला की पलीकडचे खालचे ढग त्याला दिसत नाहीत. मुंबईच्या रडारवर घाटापलीकडचं आकाश कोरं दिसलं म्हणून तिथे ऊन पडलंय असं समजू नका.

हिरवळ हवी, धुकं हवं, पण चिंब भिजायचं नाही. कुठे जावं?

घाटमाथ्याच्या पूर्वेला, कड्यापासून साधारण २५-३० किलोमीटर आत. अरबी समुद्रावरून आलेला वारा कड्यावर चढताना बहुतेक पाणी तिथेच ओततो आणि पलीकडे उतरताना कोरडा होत जातो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर उतरून वाईला आलात की त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

याचा उपयोग असा करा. महाबळेश्वर धुक्यात बुडालेलं असेल तर पाचगणीच्या टेबललँडवर थांबा, नाहीतर खाली वाई-मेणवलीला उतरा. पुणेकरांनी ताम्हिणीऐवजी पुरंदर, मल्हारगड, भुलेश्वर ही बाजू धरावी. कोल्हापूरहून गगनबावड्याला न जाता पन्हाळा किंवा जोतिबा गाठावा. नाशिककरांना इगतपुरी सोसत नसेल तर सिन्नरकडे वळता येतं. माळ तिकडेही हिरवेच असतात, फक्त पाऊस सरीसरीनं येतो आणि मधूनमधून उघडीप मिळते.

महिनाही निवडता येतो. जुलै हा संततधारेचा. ऑगस्टच्या उत्तरार्धात ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो. कासचं पठार सप्टेंबरमध्ये रंगात येतं, कारण फुलं उमलायला नुसता पाऊस पुरत नाही, मध्ये चार-पाच दिवस ऊनही लागतं. ऐन धो-धो पावसात कासला जाऊन ‘काहीच नव्हतं’ म्हणत परतणाऱ्यांचं चुकतं ते इथे. शिवाय तिथे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

धबधब्याखाली उभं राहायला सगळ्यांनाच आवडतं. नेमका धोका कुठे असतो?

डोक्यावरच्या पावसात नाही, तो वरच्या डोंगरात पडणाऱ्या पावसात असतो. तुमच्यावर झिमझिम असते आणि दोन-तीन किलोमीटर वर ढग रिते होत असतात. ते पाणी ओढ्यातून खाली यायला काही मिनिटं पुरतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसांना काठापर्यंतचं थोडंसं अंतरही पार करता आलं नाही.

लोंढा येण्याआधी काही खुणा दिसतात. नितळ पाणी अचानक गढूळ होतं. त्यात पानं, काटक्या, फेस वाहत येतो. आवाज खर्जात जातो. घटकाभरापूर्वी उघडा असलेला दगड पाण्याखाली दिसेनासा होतो. यांतली एक जरी खूण दिसली तरी चप्पल, बॅग, फोन शोधत बसू नका. बाजूच्या चढावर चढा. प्रवाहाच्या दिशेनं खाली पळू नका.

वेगानं वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. ३० सेंटिमीटर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते, ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. ‘घोट्यापर्यंतच तर आहे’ हे वाक्य म्हणूनच महागात पडतं.

पायथ्याच्या गावात चहाला थांबा आणि विचारा, ‘काल ओढ्याला पाणी किती होतं?’ उपग्रहाला जे दिसत नाही ते त्या उत्तरात मिळतं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी बंदीचे आणि वेळेचे आदेश काढतात, तेही निघण्यापूर्वी तपासा. दीडशे किलोमीटर गाडी हाकून पोलिसांच्या अडथळ्यावरून परत फिरण्यात कसली मजा?

पावसाळ्यात काय काय बंद असतं?

गेटवे ते मांडवा प्रवासी लाँच साधारण मे अखेर ते ऑगस्ट अखेर बंद. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट (गाड्याही नेणारी) हवा बरी असेल तर चालते. जंजिऱ्याच्या होड्या बंद. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धावत नाही, अमन लॉज ते माथेरान तेवढी चालू असते. वरंधा घाटासारखे रस्ते दरडींमुळे कधीही बंद होतात, त्यामुळे परतीचा दुसरा रस्ता ठरवूनच निघा.

समुद्रस्नान जून ते सप्टेंबर विसरा. तेव्हा मासेमारीलाही बंदी असते, १ जून ते ३१ जुलै. कोळी ज्या समुद्रात होडी घालत नाहीत, त्यात पोहायला उतरणं म्हणजे कमालच.

मुंबईत पाऊस लागलाय. ऑफिसला जावं की घरून काम करावं?

पावसाच्या आकड्याबरोबर भरतीची वेळ बघा. मुंबईतल्या कितीतरी पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती चढली की पाणी समुद्रात जाण्याऐवजी अडतं, आणि मग सगळी भिस्त उपसा केंद्रांच्या पंपांवर. जुनं जाळं ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा हिशेबानं बांधलेलं, नंतरच्या सुधारणा ताशी ५० मिलिमीटरच्या. त्याहून जोर तासभर टिकला की हिंदमाता, सायन, अंधेरी आणि मिलन सबवे ही नावं बातम्यांत आलीच म्हणून समजा.

महापालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. ती यादी फ्रिजवर चिकटवून ठेवा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि तिच्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. म्हणजे दुपारी एकला मोठी भरती असेल आणि केशरी इशारा असेल, तर अकरा ते तीन या वेळात रस्त्यावर किंवा लोकलमध्ये नसणं उत्तम. सकाळी लवकर जाऊन संध्याकाळी ओहोटीच्या वेळी परतणं चालू शकतं. पण दिवस लाल इशाऱ्याचा असेल तर हे गणित करत बसू नका, घरूनच काम करा.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच, तर घरी येऊन पाय साबणानं धुवा. पायाला चीर किंवा जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोस्पायरोसिस हा अशा पाण्यातून होणारा आजार टाळण्यासाठीची गोळी त्या मुदतीत घेतली तर उपयोगी पडते, आणि ती घ्यायची की नाही हे डॉक्टरच सांगतील. ताप येण्याची वाट बघू नका.

दुचाकीवर पावसात निघायचं असेल तर?

पहिल्या सरीची पहिली २०-३० मिनिटं सर्वांत घसरडी. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून साबणासारखा थर तयार होतो. तो धुऊन जाईपर्यंत टपरीखाली थांबा. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, रेल्वे फाटकातले रूळ यांवर ब्रेक लावू नका आणि गाडी कलवू नका. पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा. पाणी सायलेन्सरच्या तोंडापर्यंत असेल तर आत शिरूच नका. शिरलात आणि गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही शेकड्यांत भागणारा खर्च हजारांवर जातो. ढकलत बाहेर काढा आणि मेकॅनिकच्या हवाली करा.

नागपूरकर ४२ अंशांत फिरतात आणि मुंबईकर ३४ अंशांत हैराण. मुंबईकर नाजूक आहेत का?

नाहीत. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर अंगाला ४०-४१ अंशांसारखं जाणवतं. उलट ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत जाणवणारं तापमान ३८ च्या आसपास येतं. हे आकडे सावलीतले आहेत. उन्हात दोन्हीकडे आणखी भर पडते.

कोरड्या उन्हाचा फसवेपणा वेगळा. घाम दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. विदर्भात म्हणून तहान लागण्याची वाट न बघता पाणी पितात आणि बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा गुंडाळतात.

सवयीचाही भाग आहे. उष्ण हवेला शरीर रुळायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मार्चमधली पहिली लाट मेमधल्या तितक्याच तापमानापेक्षा जास्त बाधते. मुंबईत मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे वाहतात आणि समुद्रावरचा वारा सकाळऐवजी दुपारी उशिरा सुरू होतो. असे दिवस त्रासाचे. अशा दिवशी पुण्या-नाशिकहून मुंबईला कामासाठी जाणाऱ्यानं बैठक सकाळी दहालाच उरकावी.

उष्णतेची लाट कधी म्हणतात? तेव्हा बाहेर पडायचंच झालं तर?

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० असावं लागतं, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर असावं लागतं. सरासरी काहीही असो, ४५ गाठलं की लाट, ४७ गाठलं की तीव्र लाट.

कामं सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. घड्याळ नसेल तर सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन जोरात आहे. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात भर दुपारी सावली पायाखालीच जाते, कारण सूर्य बरोबर डोक्यावर येतो.

घरगुती जलसंजीवनी अशी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालंय, ओतून द्या. केलेलं पाणी २४ तासांत संपवा. कैरीचं पन्हं, सोलकढी, ताक हे सगळं छानच, पण उलट्या-जुलाब होत असतील तर मापातली जलसंजीवनीच द्या. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, तोल जातोय, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फाचे तुकडे फडक्यात गुंडाळून ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कांद्याचा वास देत बसण्यात वेळ जातो आणि त्यानं तापमान उतरत नाही.

घरी बसायचं ठरवलं, पण घरच तापलंय. कूलर घ्यावा की एसी?

गाव बघून ठरवा. कूलर पाणी वाळवून हवा गार करतो, म्हणजे हवा कोरडी हवी. बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर बरा कूलर २७ अंशांच्या आसपास हवा फेकतो. ३४ अंश आणि ६५ टक्के असताना तोच कूलर ३०च्या खाली जाईना, वर खोलीत दमटपणा वाढवतो. अकोला, नागपूर, जळगाव, संभाजीनगर इथे कूलर झकास. रत्नागिरी, ठाणे, पणजीत पैसे फुकट.

कूलर लावूनही घुसमटल्यासारखं होत असेल, तर बहुतेक घरांत एकच चूक असते. हवा बाहेर जायला वाट नसते. कूलर खिडकीत, आणि त्याच्या समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं, अशी मांडणी करा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास घरातच होते. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्या दर हंगामाला बदला. मृग लागला आणि हवा ओली झाली की कूलर झाकून ठेवा.

एसी २४ ते २६ वर ठेवून पंखा मंद लावला तरी पुरतो. १८ वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ चालत राहतं. पावसाळ्यात ‘ड्राय’ मोड वापरा. नुसता पंखा असेल तर लक्षात घ्या, खोली ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम हवाच मारतो. तेव्हा आधी अंग ओलं करा.

खिडक्यांचा नियमही गावागणिक वेगळा. विदर्भ-मराठवाड्यात सकाळी नऊला खिडक्या-पडदे बंद, रात्री दहानंतर सताड उघडे. कोकणात दिवसभर उघडेच, फक्त पश्चिमेचं ऊन बाहेरून अडवा. पडदा काचेच्या आत लावला तर उष्णता आधीच घरात शिरलेली असते. बाहेरून बांधलेली हिरवी जाळी किंवा चटई जास्त काम करते.

वळवाच्या दिवसांत गच्चीवर किंवा शेतावर कधीपर्यंत थांबावं?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. पाऊस थांबला म्हणून लगेच निघालेल्यांवर वीज पडल्याची उदाहरणं आहेत.

एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात ढग बहुधा दुपारनंतर चढतात. शेतातली उघड्यावरची कामं दुपारी तीनपर्यंत आटोपणं हा साधा उपाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या चारीबाजूंनी उघड्या शेडमध्ये, विहिरीच्या काठावर थांबू नका. जनावरं झाडाला बांधलेली असतील तर आभाळ भरून यायच्या आधीच सोडवा. नंतर त्यांच्यासाठी धावू नका, माणसं जातात ती तिथेच. काहीच आसरा नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

थंडीत पहाटे फिरायला जाणं आरोग्याला चांगलं ना?

थंडी चांगली, पहाटेची हवा मात्र शहरात बऱ्याचदा वाईट. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, आणि धूर-धूळ तिच्यातच अडकून राहते. सूर्य वर येऊन जमीन तापली की हा थर सुटतो. म्हणून पुणे, मुंबई, चंद्रपूर इथे सहाऐवजी साडेआठ-नऊला निघा.

‘समीर’ ॲपवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक बघा, आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट. १०० पर्यंत कुणीही फिरावं. १०१ ते २०० मध्ये दमेकऱ्यांनी जपून. २०० च्या वर धावणं बंद, घरात सूर्यनमस्कार घाला. ३०० च्या वर लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरातच बरी. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे पारा पाच-सहापर्यंत उतरतो, तिथे हृदयविकार असलेल्यांनी ऊन आल्याशिवाय निघू नये, मग हवा कितीही स्वच्छ असो.

पावसात भिजलं की सर्दी होते का?

सर्दी विषाणूमुळे होते, पाण्यामुळे नाही. पण ओल्या कपड्यात तासभर कुडकुडत बसणं, आणि बंद खोलीत दहा जणांनी एकत्र शिंकणं, यानं विषाणूंचं फावतं. मुलांना अर्धा तास खुशाल भिजू द्या. घरात आल्या आल्या कपडे बदला, डोकं कोरडं करा.

पावसाळ्यात घरीच राहतो, पण कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना बुरशी येते.

कपडे एकमेकांना चिकटवून वाळत घालू नका, मध्ये चार बोटं जागा सोडा. मशीनमध्ये दुसऱ्यांदा नुसतं पिळून घ्या, पंख्याखाली वाळायचा वेळ बराच कमी होतो. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून टांगा. ज्या खोलीत कपडे आहेत तिची एक खिडकी फटीएवढी उघडी हवी, नाहीतर कपड्यातलं पाणी भिंतीत जातं. कपाट भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे ओढा. उघडीप मिळाली की आधी गाद्या-उशा उन्हात, कपडे नंतर.

गच्चीवर कोजागरी किंवा साखरपुडा ठेवायचा आहे. पाऊस येईल का?

मोसमी पावसाच्या माघारीची सरासरी तारीख मुंबईसाठी ८ ऑक्टोबर, पुण्यासाठी ९. सरासरी म्हणजे बऱ्याच वर्षांत त्यानंतरही तो असू शकतो, आणि तो बहुधा दुपारनंतर येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कार्यक्रम सकाळी ठेवा किंवा खाली दिवाणखान्यात बसायची सोय ठेवा. मांडवाचं कापड सपाट ताणलं तर मध्ये पाण्याची पखाल तयार होते आणि खांबासकट खाली येते. एका बाजूला मीटरला किमान वीतभर उतार द्यायला सांगा. वायरींचे जोड जमिनीवर नकोत. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत महाराष्ट्रात ही चिंता फारशी उरत नाही.

एकाला बाहेर पडायचंय, दुसऱ्याला नाही. काय करावं?

हवा धोक्याची असेल तर न जाणाऱ्याचं ऐका. धोक्याची नसेल तर वेळ वाटून घ्या. ऊन सोसत नाही त्याला संध्याकाळ, पाऊस आवडत नाही त्याला आडोसा असलेली जागा. पावसाळी किल्ल्यावर पायथ्याशी ओसरीवर थांबणाऱ्यानं गाडीची चावी आणि कोरडे कपडे सांभाळावेत. त्याचा दिवस वाया जात नाही, आणि परत आलेल्यांना तो देवासारखा वाटतो.

आई-बाबा डिसेंबरात न्यू जर्सीला आलेत. थंडीच्या धास्तीनं घराबाहेर पाऊलच टाकत नाहीत.

तापमान नव्हे, वारा बघायला शिकवा. उणे ५ अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला उणे १३ सारखं लागतं. तेच उणे ५ वारा पडलेल्या, लख्ख उन्हाच्या दिवशी अर्धा तास चालायला सुखाचं असतं. इथून नेलेला एकच जाड स्वेटर पुरत नाही. आत अंगाला चिकटणारं थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट असे तीन थर हवेत. साडी नेसणाऱ्या आईंना आतून थर्मल लेगिंग आणि लोकरी मोजे घालता येतात, पण चपला नकोत, खोल खाचांचे बूट घ्या. सुती मोजे घामानं ओले होतात आणि पाय गारठतात.

दिवस निवडताना बर्फ पडत असलेल्या दिवसापेक्षा त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ जास्त जपायची असते. वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि पायवाटेवर न दिसणारा काचेसारखा थर बसतो. म्हाताऱ्या माणसांची हाडं मोडतात ती त्यावर. चालायला दुपारी बारा ते दोन ही वेळ धरा, कारण तिथे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवा. वारा असेल त्या दिवशी मॉलमध्ये चालायला न्या, तिथे सकाळी फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक त्यांना भेटतीलच.